कुत्रा दत्तक घ्या, पण औषध म्हणून नको!

"डॉक्टर, आम्ही कुत्रा दत्तक घेतोय. त्या निमित्ताने ह्यांचं चालणं तरी होईल ना?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येऊ लागला आहे. विचारणारे वेगवेगळे असतात. कुणाला नुकताच मधुमेह निघालेला असतो. कुणाचा मुलगा दिवसभर मोबाइलला चिकटलेला असतो. कुणी नुकतेच निवृत्त झालेले असतात आणि घर खायला उठतं म्हणतात. मग फोनवर फोटो दाखवला जातो. प्राण्यांच्या निवारा केंद्रातला, म्हणजे शेल्टरमधला, वर्ष-दोन वर्षांचा कुत्रा. उभे कान, हुशार डोळे, लांब शेपूट. खाली लिहिलेलं असतं 'जर्मन शेफर्ड मिक्स', क्वचित 'बॉर्डर कॉली मिक्स'. आणि हमखास एक वाक्य: 'खूप एनर्जेटिक आणि खेळकर.'

माझं मत आधीच सांगून टाकते. विकत घेण्यापेक्षा शेल्टरमधून दत्तक घेणं केव्हाही चांगलं. पण 'एनर्जेटिक' हा शब्द आपण कौतुकाने वाचतो, तो सूचना म्हणून वाचायला हवा. आणि आपल्या शुगरवर, मुलाच्या मोबाइलवर किंवा एकटेपणावर उपाय म्हणून असा कुत्रा आणणं हे माणसांच्या आणि कुत्र्याच्या, दोघांच्याही तब्येतीला परवडत नाही. असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

वळणारा कुत्रा आणि राखणारा कुत्रा

मराठीत 'गुरं वळणं' हा छान शब्द आहे. भरकटलेल्या जनावराला पुढून अडवायचं, कडेने दाबायचं आणि हव्या त्या दिशेला न्यायचं. युरोपात हे काम करण्यासाठी कुत्र्यांच्या खास जाती पिढ्यान् पिढ्या निवडून तयार झाल्या. बॉर्डर कॉली ही इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातली. १८९३ साली जन्मलेला 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. जर्मन शेफर्ड १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स या लष्करी अधिकाऱ्याने जात म्हणून नोंदवला. आज आपण त्याला पोलीस कुत्रा म्हणून ओळखतो, पण नावातच मेंढपाळ आहे.

आपल्याकडे धनगरांच्या कळपाबरोबर दिसणारा कुत्रा वेगळा. तो कळप हाकत नाही, राखतो. लांडगा आला की भुंकतो, अंगावर जातो. बाकी वेळ मेंढ्यांच्या आसपास शांत बसून असतो. वळणाऱ्या कुत्र्याला असं बसणं जमत नाही. हलणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या लक्षात येते आणि तिच्यामागे जावं, तिला अडवावं, अशी आतून ओढ लागते.

शिकारीच्या क्रियेत टक लावून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं आणि मारणं असे टप्पे असतात. वळणाऱ्या जातींमध्ये माणसाने पहिले टप्पे निवडून वाढवले आणि शेवटचा टप्पा दाबला. म्हणून हा कुत्रा मेंढीला मारत नाही, पण तिला पळवतो आणि गरज वाटली तर टाचेला चिमटा घेतल्यासारखं चावतो.

आता हा कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणा. तिथे मेंढ्या नाहीत. पण पळणारी मुलं आहेत, सायकली आहेत, डिलिव्हरीवाल्यांच्या स्कूटर आहेत. मुलं पकडापकडी खेळायला लागली की तो त्यांना गोल फिरून अडवतो आणि पोटरीला दात लावतो. घरचे म्हणतात, "कुत्रा चावका निघाला." तो चावका नसतो. ज्या कामासाठी त्याच्या पूर्वजांना निवडलं, ते काम तो करत असतो. पण पोटरीवर उमटलेले दात खरेच असतात, आणि ते मूल माझ्यासमोर येतं.

लेबलवर किती विश्वास ठेवावा?

इथे एक उलटी बाजूही सांगायला हवी. मिक्स म्हटल्यावर त्याचे आईवडील कोण हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं. उभे कान आणि काळी-तपकिरी पाठ बघून अंदाजाने 'शेफर्ड मिक्स' लिहिलेलं असतं, आणि असे अंदाज बऱ्याचदा चुकतात.

२०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकीय तपासणीही केली होती. निष्कर्ष असा की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असतो. माणसाचं ऐकून वागण्याची तयारी यासारख्या काही गुणांवर जातीचा प्रभाव जास्त दिसला. रागीटपणा मात्र जातीवरून ओळखता येईल असं दिसलं नाही.

याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे. लेबलमुळे भाळू नका आणि घाबरूही नका. समोरचा कुत्रा बघा. तो पळणाऱ्या माणसाकडे कसा बघतो, दहा मिनिटांनी शांत बसतो का, हाक मारल्यावर वळून बघतो का, हे कागदावरच्या जातीपेक्षा जास्त सांगतं.

तब्येतीला फायदा होतो का?

होतो, पण जेवढा समजतात तेवढा सरळ नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली या विषयावर सविस्तर निवेदन काढलं. कुत्रा पाळणाऱ्यांचं चालणं जास्त असतं आणि हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी त्याचा संबंध असू शकतो, असं त्यात म्हटलं आहे. पण त्याच निवेदनात हेही स्पष्ट आहे की हृदयविकाराचा धोका कमी करणे या मुख्य हेतूने प्राणी घरी आणू नये. हे दुसरं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

शिवाय जे लोक मुळात धडधाकट आणि फिरायची आवड असलेले असतात, तेच कुत्रा पाळण्याची शक्यता जास्त. त्यामुळे कुत्र्यामुळे तब्येत चांगली की चांगल्या तब्येतीमुळे कुत्रा, हे वेगळं काढणं कठीण असतं.

आता साधा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. तरुण, चपळ, वळणाऱ्या जातीच्या कुत्र्याला रोज दीड ते दोन तास तरी द्यावे लागतात. म्हणजे तुमचा आठवड्याचा कोटा त्याला दोन दिवसही पुरत नाही. ज्यांना आज स्वतःसाठी रोजची २० मिनिटं मिळत नाहीत, त्यांना कुत्र्यासाठी दोन तास कुठून मिळणार? पहिले पंधरा दिवस मिळतात. मग पावसाळा येतो, ऑफिसचं काम वाढतं, गुडघा दुखतो आणि कुत्रा गॅलरीत बांधला जातो.

नुसतं पळवून भागत नाही

"आम्ही त्याला रोज तासभर बॉल टाकतो, तरी दमत नाही," अशी तक्रार ऐकू येते. तो दमणार नाहीच. रोज पळवलं की त्याचा दमसास वाढतो. तुम्ही एका खेळाडूला घडवत असता आणि तो थकत नाही म्हणून तक्रार करत असता.

या कुत्र्यांना डोक्याला काम लागतं. अमेरिकेतल्या 'चेझर' नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीने मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन पिली यांच्याकडे १०२२ खेळण्यांची नावं शिकली होती. आपल्याला एवढं करायचं नाही. पण पुढच्या गोष्टी घरात सहज होतात:

- जेवण नुसतं ताटलीत न देता घरात थोडं थोडं लपवून हुंगून शोधायला लावणं.
- दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं एखादी नवी गोष्ट शिकवणं.
- फिरताना भराभर ओढून न नेता त्याला मनसोक्त हुंगू देणं.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, चटईवर शांत पडून राहणं हेही शिकवणं. प्रौढ कुत्र्याला दिवसातून १२ तासांच्या आसपास झोप लागते. वळणारा कुत्रा स्वतःहून थांबत नाही, त्याला थांबायला शिकवावं लागतं.

भिंतीवर लेझरचा ठिपका फिरवून खेळवणं टाळा. या जातींमध्ये सावली किंवा प्रकाशाच्या मागे दिवसभर धावत राहण्याचा चाळा लागू शकतो आणि तो सोडवणं फार अवघड जातं.

कोणी जरा थांबून विचार करावा?

*हाडं ठिसूळ असलेले ज्येष्ठ नागरिक.* अमेरिकेत ६५ वर्षांवरील लोकांमध्ये पट्ट्याने कुत्रा फिरवताना झालेल्या फ्रॅक्चरची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त झाली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २५-३० किलोचा कुत्रा मांजर बघून एकदम झेपावला तर मनगट किंवा खुबा मोडायला एक क्षण पुरतो. खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे काय हे ज्यांच्या घरात झालं आहे त्यांना सांगायला नको.

*रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे.* साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो.

*पायाला मुंग्या, बधिरपणा असलेले मधुमेही.* कुत्र्याने नखाने ओरखडलेलं किंवा जखम चाटलेली कळत नाही. उघडी जखम चाटू देऊ नये. त्याच्या लाळेत जंतू असतात.

*प्लीहा काढलेले, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले.* कुत्र्याच्या तोंडातल्या काही जंतूंमुळे यांना गंभीर संसर्ग होऊ शकतो. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

*दमा आणि ॲलर्जी असलेले.* ॲलर्जी केसांची नसते, लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते. 'ॲलर्जी न होणारी जात' असं खात्रीने सांगता येईल अशी एकही जात नाही. शेफर्ड आणि कॉली यांना दाट दुहेरी केस असतात आणि ते भरपूर गळतात. दत्तक घेण्याआधी त्या कुत्र्याजवळ तीन-चार वेळा तासभर बसून बघा.

*गरोदर स्त्रिया.* टोक्सोप्लाझ्माची भीती इथे चुकीच्या दारात येते. तो संसर्ग मांजराच्या विष्ठेतून पसरतो, कुत्र्याच्या नाही. पण पोटावर उडी मारणारा तरुण कुत्रा आणि थोड्या महिन्यांनी येणारं बाळ, हे दोन्ही एकदम झेपेल का, याचा विचार घरच्यांनी करावा.

रेबीज, जंत आणि गोचीड

जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळपास शंभर टक्के जीवघेणा आहे, आणि वेळेवर लस घेतली तर जवळपास शंभर टक्के टाळता येणारा. म्हणून घरात कुत्रा असलेल्या प्रत्येकाला एवढं पाठ असावं:

१. दात किंवा नख लागून कातडी सोलली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट, काहीही लावू नका.

२. त्याच दिवशी दवाखान्यात जा. "आपलाच कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे" म्हणून घरी बसू नका. लस सुरू करायची आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं. तो ठणठणीत राहिला तर पुढच्या डोसचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

३. रक्त आलेल्या जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

४. मुलांना बजावून ठेवा की कुत्र्याने नुसता दात लावला तरी घरी सांगायचं. रागावतील म्हणून मुलं लपवतात. सांगितल्यावर रागवायचं नाही, हा नियम मोठ्यांसाठी.

कुत्र्याला जंताचं औषध पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकाने द्या. त्याच्या विष्ठेतली जंतांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून विष्ठा उचलणं आणि हात धुणं यात हयगय नको. कच्चं मांस, विशेषतः कच्चं काळीज-फुप्फुस देऊ नका. त्यातून कुत्र्याला होणारे काही जंत माणसाच्या यकृतात पाण्याने भरलेल्या गाठी करतात. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस झाली आहे का ते बघा. गोचीड आपल्याकडे वर्षभर असतात आणि कुत्र्यांना गोचीडतापाने जीवघेणा आजार होतो.

माणसाच्या गोळ्या त्याला नकोत

घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी प्रेमापोटी कुत्र्याला दिली जाते. दोन्ही त्याच्यासाठी घातक ठरू शकतात. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा-लसूण हेही नको.

वळणाऱ्या जातींबाबत आणखी एक गोष्ट आहे. कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्यात बऱ्याच, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही, एका जनुकात बदल आढळतो. त्यामुळे काही औषधं मेंदूत प्रमाणाबाहेर शिरतात. खरजेसाठी जास्त मात्रेत दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन आणि जुलाबावर आपण सहज घेतो ती लोपेरामाइडची गोळी ही त्याची उदाहरणं. म्हणून पशुवैद्याला 'हा शेफर्ड किंवा कॉली मिक्स असावा' एवढं आवर्जून सांगा.

उन्हाळ्याचंही लक्षात ठेवा. ही थंड मुलखातली अंगकाठी आहे. एप्रिल-मे महिन्यात सकाळी लवकर आणि रात्रीच फिरवा. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवता येत नसेल तर त्याच्या पंजांनाही ते सोसत नाही.

शेल्टरमध्ये काय विचाराल?

- कुठून आणि कधी आला? कुणी परत आणून सोडला होता का, आणि कोणत्या कारणाने?
- लहान मुलं, म्हातारी माणसं, मांजर, दुसरे कुत्रे यांच्याशी कसा वागतो?
- कुणाला चावला आहे का? कशामुळे?
- नसबंदी, रेबीज आणि इतर लसी, रक्ततपासणी यांचे कागद आहेत का?
- काही आठवडे सांभाळून बघायची सोय आहे का?

घरातल्या सगळ्यांनी, वेगवेगळ्या दिवशी, निदान तीनदा जाऊन भेटा. एकदा त्याला बाहेर फिरवून बघा. पट्टा ज्याच्या हातात रोज असणार आहे, त्याच्याच हातात त्या दिवशीही द्या.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तो दबलेला असेल. काही आठवड्यांनी त्याचा खरा स्वभाव दिसू लागतो आणि पूर्ण रुळायला साधारण तीन महिने लागतात. 'आधी किती शांत होता, आता बिघडला' असं याच काळात वाटतं. तो बिघडलेला नसतो, त्याची भीती गेलेली असते. नेमकं शिकवणं तेव्हा सुरू करायचं असतं, आणि नेमके तेव्हाच लोक त्याला परत नेऊन सोडतात.

"एवढ्या अटी घातल्या तर कुत्रे नेणार कोण?"

शेल्टर चालवणारे हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. जागा अपुरी, कुत्रे जास्त, हात थोडे. पण माझं म्हणणं असं की परत आलेल्या कुत्र्याला दुसऱ्यांदा घर मिळणं पहिल्यापेक्षा अवघड जातं. त्याच्या कागदावर 'चावतो' असा शेरा पडलेला असतो. आणि परत करणारं घर पुन्हा कधी दत्तकाचं नाव काढत नाही. एका चुकीच्या जोडीने एक कुत्रा आणि एक घर, दोन्ही जातात.

त्याच शेल्टरमध्ये कोपऱ्यात पाच-सहा वर्षांचा एखादा गावठी कुत्रा पडलेला असतो. त्याच्या फोटोखाली 'एनर्जेटिक' लिहिलेलं नसतं, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या हवेची त्याला सवय असते, सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास फिरलं की तो समाधानी असतो. साठीच्या जोडप्याला, लहान फ्लॅटला, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला मी आधी त्याला भेटून यायला सांगते.

आणि तो उभ्या कानांचा, चमकत्या डोळ्यांचा कुत्रा? त्याला पहाटे धावायला जाणारी, ट्रेक करणारी, घरात वेळ देऊ शकणारी, शिकवण्याची हौस असलेली माणसं हवीत. अशा घरी तो सोनं असतो. तुम्ही तसे असाल तर उद्याच जा.

निर्णय घेण्याआधी एक साधी आकडेमोड घरी बसून करा. आज मुलगा १२ वर्षांचा आहे आणि कुत्रा २ वर्षांचा. मुलगा १८ वर्षांचा होऊन शिकायला दुसऱ्या गावी जाईल तेव्हा कुत्रा ८ वर्षांचा असेल. त्यानंतर आणखी चार-सहा वर्षं त्याला सकाळी सहा वाजता खाली कोण नेणार? ज्याचं नाव या प्रश्नाचं उत्तर म्हणून येईल, त्याला कुत्रा हवा असेल तरच आणा.

आणि तुमच्या शुगरसाठी उद्या सकाळपासून तुम्हीच ३० मिनिटं चाला. महिनाभर न चुकता चाललात तर तुमची शुगरही बघू आणि कुत्र्याचाही विचार करू.